धुळाजीमामाचं लुगडं

धुळाजीमामा आमच्या बंगल्यात येताना वहाणा फाटकाबाहेर काढायचा. पायरीशी नव्हे, फाटकाबाहेर, पार रस्त्यावर. "तुमच्या फरशीला माती लागती," म्हणायचा, आणि तेही इतक्या मोठ्यानं की समोरच्या बँकवाल्या साहेबांनी खिडकी उघडून बघावं. हळू बोलणं त्याला जमायचंच नाही. धावड्याच्या डोंगरात मेंढरांना हाका घालून घालून त्याचा आवाज तसा झाला होता. आमच्या बाबांना तो आवाज मुळीच सहन व्हायचा नाही.

बाबा म्हणजे आदिनाथराव, नवीन जालन्यातले बियाण्यांचे मोठे व्यापारी. त्यांचे वडीलही जन्मभर मेंढरंच वळत होते, पण ते घरात बोलायचं नसे. आईचं नाव आसराबाई. बाबांनी पत्रिकांवर आणि उद्घाटनांच्या फलकांवर त्याचं 'आशाताई' करून टाकलं. नाव बदलता आलं, पण भाऊ कसा बदलणार? तो होताच. डोक्याला लाल पागोटं, खांद्यावर घोंगडी, बशीत चहा ओतून फुर्र करून पिणारा. वास्तुशांतीच्या दिवशी बाबांनी त्याचं पान मागच्या अंगणात, ड्रायव्हर लोकांच्या पंगतीत मांडलं. मामा पोटभर जेवला, वर ड्रायव्हर लोकांना हसवून हसवून बेजार केलं. आई त्या दिवशी जेवली नाही. बडा घर पोकळ वासा म्हणतात ते आमच्याकडे बघूनच कुणीतरी म्हटलं असावं.

मीही काही वेगळी नव्हते, उगाच कशाला खोटं बोला. कॉलेजात असताना मैत्रिणी घरी आल्या होत्या आणि मामा व्हरांड्यात बसला होता. एकीनं विचारलं, हे कोण? मी म्हटलं, "गावाकडचा माणूस आहे आमचा." मामानं ते ऐकलं. मान हलवून म्हणाला, "बराबर हाय." पुढे त्यानं तो विषय कधी काढला नाही. मला मात्र ते दोन शब्द आठवले की आजही माझीच लाज वाटते.

दर भाऊबीजेला तो भोकरदनच्या बाजारातून साडी आणायचा. त्याच्या तोंडी ते लुगडंच. पोपटाला लाजवेल असं हिरवं, काठ लालभडक. आईनं ओवाळलं की पिशवीतून काढून ताटात ठेवायचा आणि विचारायचा, "मागल्या सालचं नेसली का गं?"

"नेसले की दादा. लोकांनी लई नावाजलं."

हे ऐकून स्वारी अशी खूश व्हायची की दुसऱ्या चहाची आठवणही राहायची नाही. खरी गोष्ट अशी की आई त्यातलं एकही लुगडं नेसून कधी घराबाहेर पडली नाही. पहिल्या वर्षी एका लग्नाला निघताना ती नेसून आली, तर बाबांनी गाडीत बसायच्या आधीच सांगितलं, "हे नेसून यायचं असेल तर घरीच थांब." आईनं आत जाऊन साडी बदलली आणि कानाला खडा लावला. त्यानंतरचं प्रत्येक लुगडं घडीसकट तिच्या पेटीत गेलं, डांबरगोळ्यांसोबत. हे मला एकटीलाच माहीत होतं.

यंदा माघात आई अंथरुणाला खिळली. एका दुपारी तिनं माझा हात धरला. "छकुले, माझं एक काम कर. मला शेवटाला दादाच्या हातचं लुगडं नेसवा. एकदा तरी त्याचं लुगडं नेसून मोठ्या दारानं बाहेर जायचंय मला." मी हो म्हटलं. आठव्या दिवशी पहाटे ती गेली.

माझ्या भावानं, करणनं, मामाला फोन केला. आमच्याकडे मरणाची बातमी फोनवर सरळ सांगत नाहीत. माणूस वाटेत कोसळेल, म्हणून 'तब्येत जास्त आहे, निघा' एवढंच म्हणतात. ऐकणाऱ्यानं काय ते समजायचं असतं. करणनं तेवढंच सांगून फोन ठेवला. आम्हाला वाटलं, मामा समजला.

अकरा वाजेपर्यंत अंगण भरलं. व्यापारी, बँकवाले, दोन पुढारी, सगळे पांढऱ्या कपड्यांत खुर्च्यांवर बसलेले. माझी भावजय प्रियदर्शनी नवी कोरी पैठणी घेऊन आली. तेवढ्यात बाबांची म्हातारी चुलती, चांगुणाबाई, आईच्या उशाशी आडवा हात करून बसली.

"सवाशीण हाय ती. माहेरचं लुगडं आल्याबिगर उचलायचं न्हाई."

"काकू, लोक खोळंबलेत," बाबा म्हणाले.

"खोळंबू दे. तू कितीबी मोठा झाला तरी हे लुगडं तुला इकत घेता येत न्हाई."

बाबा फाटकाकडे तोंड करून बसले. ज्या माणसाला फाटकात बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या, त्याच माणसाच्या वाटेकडे आज ते डोळे लावून बसले होते.

साडेबाराला ऑटो थांबला. मामानं वहाणा फाटकाबाहेर काढल्या. हातात फडक्यात गुंडाळलेली बाटली. आत पाऊल टाकायच्या आधीच त्याचा आवाज आला, "आसरे, शेळीचं दूध आनलंय गं! घोटभर पिलीस की बिलकुल—"

मग त्याला तिरडी दिसली.

सगळं अंगण त्याच्याकडे बघत होतं. बाबा उठले आणि कुणी विचारलेलं नसताना लोकांना म्हणाले, "हे माझे मेव्हणे." इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मामाचं तिकडे लक्षच नव्हतं.

"धुळाजी, लुगडं?" चांगुणाबाईनं विचारलं.

"मला तब्येत जास्त हाय म्हनले." मामा चाचपडत बोलत होता. "म्या दूध घेऊन आल्तो. लुगडं कुठून आनू मंग? थांबा, जल्दी बाजारात जातो..."

"आता वेळ नाही," बाबा म्हणाले. "पैठणी तयार आहे. तुम्ही नुसता हात लावा पैठणीला, म्हणजे ती माहेरची झाली." चांगुणाबाईचाही नाइलाज झाला. मामानं खालमानेनं हात पुढे केला.

पेटी उघडली तर आईला दिलेला शब्द राहणार होता, पण तिनं आयुष्यभर जपलेलं खोटं मामासमोर उघडं पडणार होतं. नसती उघडली तर ती बाबांच्या पसंतीच्या साडीत आशाताई होऊन गेली असती. मी आत गेले आणि वरचंच लुगडं घेऊन आले, गेल्या दिवाळीचं.

मामानं ते हातात घेतलं. घडी मोडलेली नव्हती. भोकरदनच्या दुकानाची कागदी चिठ्ठी तशीच चिकटलेली होती आणि डांबरगोळ्यांचा वास सगळ्यांना येत होता. मामा त्या चिठ्ठीकडे बराच वेळ बघत राहिला. मग नखानं ती हळूहळू सोडवली, खिशात घातली आणि लुगडं चांगुणाबाईच्या हातात दिलं.

आई हिरव्या लुगड्यात मोठ्या दारानं बाहेर निघाली. बायका फाटकाशीच थांबल्या. मामा वहाणा पायात घालायला वाकला होता, तो तसाच वाकलेला असताना त्यानं विचारलं, "छकुले, बाकीची?"

मी म्हटलं, "बाकीची सगळी आई नेसली, मामा. हे एकच राहून गेलं."

त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"बराबर हाय," तो म्हणाला. इतक्या हळू, की मला एकटीलाच ऐकू आलं.