चुली किती?

कुणी ‘सिस्टीम स्लो झालीय’ म्हणत आलं, की म्हात्रे स्क्रीनकडे न बघताच विचारायचे, “चुली किती?” नौपाड्यातल्या आमच्या ऑफिसात मी नवी होते. मला वाटलं, गृहस्थांना चहा हवाय. मी पँट्रीतल्या शेगड्या मोजून आले आणि “दोन” म्हणून सांगितलं. त्यावर म्हात्रे आठवडाभर हसत होते.

ठाकुर्लीच्या जुन्या शेतकरी घराण्यातले म्हात्रे. तीन भाऊ, बावीस माणसं, जेवण एकाच चुलीवर. गॅस येऊन जमाना झाला तरी ते त्याला चूलच म्हणत. दवाखान्यांचे रिपोर्ट साठवणाऱ्या आमच्या सर्व्हरलाही त्यांनी घरचाच कायदा लावला होता. माहितीच्या स्वतंत्र कोठीला आम्ही फाइल सिस्टीम म्हणतो; म्हात्र्यांची ती चूल. एका दवाखान्याला एक, जास्त नाही.

भाच्याच्या हळदीला मामा म्हणून ते चार दिवस रजेवर गेले आणि माझ्या अंगात हुशारी संचारली. मी प्रत्येक पेशंटची चूल वेगळी मांडली. एकाचं बिघडलं तर दुसऱ्याला झळ नको, हा माझा उदात्त हेतू. चाळीस हजार झाल्या. चालू सर्व्हरने हूं की चूं केलं नाही. पाचव्या दिवशी सकाळी तो बंद करून सुरू केला, तर एकेक कोठी उघडत बसला. अकरा वाजले तरी संपेना. दवाखान्यांत पेशंट खोळंबले, फोन थांबेनात. त्याच आठवड्यात माझी नोकरी कायम व्हायची होती. मला रडूच आलं.

तेवढ्यात म्हात्रे पिवळ्या हातांनी हजर झाले. आकडा बघून म्हणाले, “गो बाय, तू घर वेगळं केलंस का गाव वसवलंस?” मग शेजारी बसून त्यांनी दवाखान्यागणिक पुन्हा एकेक चूल करून घेतली आणि पेशंटना आत साधे फोल्डर दिले. “खोल्या पायजे तेवढ्या काढ. चूल वाढवायच्या आधी विचार.”

संध्याकाळी साहेबांनी विचारलं, ही चाळीस हजार कोठ्यांची कल्पना कुणाची. मी तोंड उघडायच्या आत म्हात्रे म्हणाले, “आमची.”

“आमची म्हणजे कुणाची?”

“एका चुलीवरच्यांना असं विचारत नाहीत, साहेब.”

मी कायम झाले. गेल्या महिन्यात म्हात्रे निवृत्त झाले आणि मला ठाकुर्लीला जेवायला घेऊन गेले. पंगतीत थोरल्या भावाने विचारलं, “ही कुणाची रे?”

माझ्या ताटात भाकरी वाढत म्हात्रे म्हणाले, “आपलीच. तेविसावी.”