मशीन म्हणतंय, बेअरिंग नाही

आता हा किस्सा सांगावा की नको, हेच मला कळत नाही. पण चहा तुमच्या हातात आहे, म्हणजे तुम्ही लगेच उठून जाणार नाही. तर ऐका.

ऐंशी साल उलटून गेलेलं. पिंपरीच्या आमच्या कारखान्यात नुकताच कॉम्प्युटर आला होता. त्याला गार हवेची खोली, आणि आम्ही पत्र्याखालच्या स्टोअरमध्ये. मी स्टोअरचा क्लार्क. तिथून उचलून मला मशीन शिकायला बसवलं. प्रॉडक्शन मॅनेजर मोहिते साहेबांनी मात्र आधीच बजावलं होतं, "जमलं तर इथे कायम. नाही जमलं तर परत स्टोअर." इकडे माझ्या सासऱ्यांनी 'जावई कॉम्प्युटरवर असतो' म्हणून सगळ्या कासारवाडीत पेढे वाटून टाकलेले. आता सांगा, परत कुठल्या तोंडाने जायचं?

शिकवायला देवधर मॅडम होत्या. त्यांनी शोधायची कमांड शिकवली. कमांड टाइप करायची, पुढे शब्द द्यायचा, मग फाइलचं नाव. स्टोअरच्या मालाची यादीही अशीच एका फाइलीत होती. फाइलीत जिथे जिथे तो शब्द असेल, ती ती ओळ मशीन पडद्यावर आणून दाखवतं. सोपं आहे ना? मलाही तसंच वाटलं होतं.

एके दुपारी मॅडम जेवायला गेल्या आणि साहेब तरातरा आत आले. मागे फिटर तुकाराम, चाकणकडचा.

"लाइन थांबलीय. मोठं बेअरिंग स्टोअरला आहे का, बघ पटकन."

मी ऐटीत कमांड टाइप केली, 'बेअरिंग' शब्द दिला आणि बटण दाबलं. पडदा गप्प.

"काय करतंय?"

"शोधतंय, साहेब. माल केवढा आहे आपला!"

बराच वेळ गेला. साहेब घड्याळ बघतायत, मी घाम पुसतोय, तेही त्या गार खोलीत. शेवटी तुकाराम म्हणाला, "बैलाला बी मधनं हाक द्यावी लागती. बोला की त्याच्याशी कायतरी."

मला ते पटलं, हे माझं दुर्दैव. मी इंग्रजी अक्षरांत टाइप केलं, 'बेअरिंग कुठे आहे'. आणि राव, खाली लगेच तीच ओळ उमटली: 'बेअरिंग कुठे आहे'.

साहेब पुढे झुकले. "हे आपल्यालाच विचारतंय?"

"आणि मराठीत," मी म्हणालो. माझ्या अंगावर काटा आला होता.

"मग उत्तर दे त्याला."

मी लिहिलं, 'आम्हाला माहीत नाही'. पडदा गप्प.

"रागावलं वाटतं. जरा नम्रपणे लिही."

'कृपा करून सांगा'. तरी गप्प. माझं डोकं पार बधिर झालं. एका प्रश्नाला बोलतं काय, दोनदा तोंड फिरवतं काय! 'बेअरिंग नाही का' म्हणून बघितलं, तर खाली 'बेअरिंग नाही का'. पुन्हा आम्हालाच सवाल. वैतागून मी नुसतं 'बेअरिंग नाही' लिहिलं.

खाली उमटलं: 'बेअरिंग नाही'.

"न्हाई म्हनतंय," तुकाराम हळूच म्हणाला. "मशीन कशाला खोटं बोलंल?"

साहेबांनी तडक फोन उचलला. बेअरिंग आणायला पुण्याला जीप सोडा, दुसऱ्या शिफ्टला घरी पाठवा. मी मात्र आतून खूश. काही का असेना, मशीनकडून उत्तर तर काढलं होतं.

तेवढ्यात मॅडम आल्या. पडदा वाचून त्यांनी विचारलं, "फाइलचं नाव कुठंय?"

"फाइलचं नाव?"

"अरे, फाइल दिली नाहीस तर तू जे टाइप करशील त्यातच ते शोधत बसतं. 'बेअरिंग' शब्द असलेली तुझीच ओळ तुला परत दाखवतंय."

त्यांनी कमांड नीट दिली. डोळ्याचं पातं लवायच्या आत रॅकच्या नंबरासकट सगळी ओळ आली. बेअरिंग स्टोअरमध्येच होतं, आणि भरपूर होतं.

साहेबांनी फोनवर जीप थांबवली, घरी निघालेली शिफ्ट परत बोलावली. मग माझ्याकडे वळले. "मग मघाशी 'नाही' म्हणालं ते कोण?"

"मीच, साहेब."

"बरं. आता पळ स्टोअरला आणि बेअरिंग लाइनवर पाठवून दे."

"हा गेलो आणि हा आलो, साहेब."

"येऊ नकोस," साहेब म्हणाले. "फक्त बेअरिंग पाठव."