सव्वाइंच मास्तरांच्या घराची ट्रायल

हां, तर मेहुणेसाहेबांनी नकाशा उलटा धरला होता, तिथंच आपण राहिलो होतो. उलटा म्हणजे चांगला डोकं खाली, पाय वर. आणि त्या उलट्या नकाशात त्यांना पहिल्याच मिनिटाला सात चुका सापडल्या. सुलटा धरला असता तर बिचाऱ्यांना एवढ्या मिळाल्या नसत्या.

नकाशा होता सव्वाइंच मास्तरांच्या नव्या घराचा. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिंपी. कुठलाही कपडा शिवला तरी आतल्या शिवणीला सव्वा इंच कापड जास्तीचं ठेवायचे. माणूस उद्या सुटला तर उसवून वाढवता यावा म्हणून. त्यावरून हे नाव पडलं आणि चिकटलं. चाळीस वर्षं जिन्याखालच्या दुकानात मशीन चालवलं, आणि त्याच जिन्याने दोन मजले चढून भाड्याच्या दोन खोल्यांत संसार केला.

तीन वर्षांपूर्वी बायकोची डावी बाजू गेली. वाचा परत आली, हात बराचसा आला, पाय मात्र रुसला तो रुसलाच. चार पायांचा वॉकर घेऊन बाई खोलीत फिरायच्या, पण बाथरूमच्या दारात वॉकर अडायचा. मग हाक मारायची आणि कुणी येईपर्यंत चौकट धरून उभं राहायचं. खाली उतरून रस्त्याला पाय लावल्याला तर तीन वर्षं झाली होती. मास्तरांना नवं घर हवं होतं ते एवढ्याचसाठी. बाईने पलंगावरून उठावं, बाथरूमला जावं, मनात आलं तर दाराबाहेर जाऊन रस्ता बघावा, आणि यातल्या कशालाही कुणाला हाक मारायला लागू नये.

म्हणून नकाशा त्यांनी स्वतःच काढला. गळ्यातली टेप काढून आधी बायकोचं माप घेतलं. वॉकरसकट रुंदी, वळायला लागतो तो घेर, पलंगावरून उठताना उजवा हात पोचतो ती उंची. मग कटिंगच्या खाकी कागदावर, फुटाला एक इंच धरून, खडूने घर आखलं. दारं बेचाळीस इंची. आतले कोपरे गळ्यासारखे गोल, वॉकर अडकू नये म्हणून. बाईची खोली पुढं, रस्त्याला लागून. आणि कागद दुकानातल्या टेबलावर पसरून ठेवला, चार शहाण्यांनी बघून दोन शब्द सांगावेत म्हणून. इथंच चुकलं. शहाणे चारच येतात, पण शब्द दोनावर थांबत नाहीत.

मेहुणेसाहेब, म्हणजे बाईंचे धाकटे भाऊ, बांधकाम खात्यात तीस वर्षं होते. काय करत होते? आलेल्या टपालावर तारीख मारत होते. पण गाड्याखालून चालणाऱ्या कुत्र्याला वाटतंच ना, गाडा आपणच ओढतोय म्हणून!

"दाजी, हे घर आहे की बनियन?" साहेबांनी गोल कोपऱ्यांवर बोट ठेवलं. "आणि ही दारं! हत्ती पाळणार आहात का?"

जावईबापू मोबाईलवर कुणाकुणाचे बंगले दाखवत म्हणाले, "बाबा, हॉल मोठा हवा. आईंची खोली मागं टाका. पुढं आजारी माणसाचा पलंग बरा दिसत नाही." या जावईबापूंनी स्वतःचं ताट उचलून मोरीत ठेवलेलं आजवर कुणी पाहिलं नव्हतं, पण स्वयंपाकघरात ओटा कुठं असावा यावर ते पाऊण तास बोलले. शेजारचा रंगवाला डोकावला. त्याचं म्हणणं, पुढच्या भिंतीला दार-खिडकी ठेवूच नये, सलग भिंतीवर रंगाला उठाव येतो! माणसांनी आत जायचं कुठून, हा प्रश्न त्याच्या धंद्यात बसत नव्हता.

आणि मास्तर? मास्तरांच्या तोंडात टाचण्या होत्या. शिंप्याच्या ओठात कायम पाच-सहा टाचण्या असतात. गिऱ्हाईक म्हणतं, इथं घट्ट वाटतंय, शिंपी म्हणतो, "हं." गिऱ्हाईक म्हणतं, मी बारीक झालोय, शिंपी त्यालाही "हं" म्हणतो आणि टेप सांगेल तसंच कापतो. चाळीस वर्षांत या "हं"चा अर्थ एवढाच होता, की ऐकू आलं. तर साहेबांना हं, जावयाला हं, रंगवाल्यालाही हं. बोलणारा प्रत्येकजण खूश होऊन उठला.

तीन आठवड्यांनी साहेब गुंडाळी घेऊन दुकानात हजर. ओळखीच्या नकाशावाल्याकडून त्यांनी परस्पर पक्का नकाशा काढून आणला होता. रेघा सरळसोट, खाली सहीशिक्क्याला चौकट.

"परवा मंजुरीला देऊन टाकतो. सगळ्यांच्या सूचना घातल्यात. तुम्ही प्रत्येकाला हो म्हणालात ना!"

मास्तरांनी नकाशावर टेप लावली. बाईंची खोली गेली होती मागं, जिन्याखाली. बाथरूमचं दार चोवीस इंच. वॉकर सव्वीस इंच. हॉल मात्र एवढा, की त्यात जावयाने सायकल शिकावी. मास्तर एका पँटची पट्टी टाचत होते, त्या टाचण्यांमधूनच म्हणाले, "आधी ट्रायल. उद्या सकाळी प्लॉटवर या."

दुसऱ्या दिवशी सगळे आले तर चोपून घेतलेल्या प्लॉटवर पांढऱ्या फक्कीने दोन घरं आखलेली, खऱ्या मापाची, शेजारी शेजारी. एक साहेबांचं, एक मास्तरांचं. साहेबांच्या घराचा हॉल शेजारच्या रिकाम्या जागेत घुसला होता, पण फक्कीच्या भिंतीवर कोण दावा लावतो? चौघांनी बाईंना खुर्चीसकट जिना उतरवून आणलं. "अहो हळू, कपाट हलवताय का?" म्हणत त्या आल्या आणि कडेला बसल्या.

मास्तरांनी वॉकर उचलला आणि साहेबांच्या हातात दिला. बोटाने दाखवलं, हा पलंग, ते बाथरूम.

"मी?" साहेब म्हणाले.

"तूच रे. घर तुझंच आहे ना ते? आणि डावा पाय उचलायचा नाही हं, ओढायचा," खुर्चीतून बाई म्हणाल्या.

साहेब निघाले. बोळात वळताना वॉकरचा पाय रेघेवर.

"भिंत पाडलीस," बाई म्हणाल्या.

पुढं बाथरूमच्या दाराशी वॉकर आत जाईना. साहेबांनी तो तिरका केला, तर मागचे पाय अडकले. उचलून आडवा धरला, तर स्वतःला धरायला काही उरेना. शेवटी इकडंतिकडं बघून सरळ भिंतीवरून पाय टाकून आत गेले आणि म्हणाले, "आलो की नाही?"

"आलास, पण विटांमधून आलास."

"ताई, हसतेस काय?"

"मग काय करू? स्वतःच्या घरात तू पाच मिनिटं अडकलास. मी तीन वर्षं अडकलेय."

यावर जावईबापूंना एकदम मोबाईलमध्ये महत्त्वाचं काम निघालं. रंगवाला मघाशीच गेला होता, कारण दोन्ही घरांना रंगवायला भिंतच नव्हती.

मग बाई उठल्या. मास्तरांच्या घरात, फक्कीच्या पलंगापासून बाथरूमपर्यंत अकरा पावलं. दारातून वॉकर दोन्हीकडं आठ-आठ इंच राखून गेला. गोल कोपऱ्यावरून वळल्या, खोलीत परत आल्या. एकही रेघ पुसली नाही. मास्तर दोन पावलं मागं चालत होते, हात पुढं न करता, आणि त्यांना ते किती जड जात होतं ते त्यांच्या मुठींवरून दिसत होतं. आता बाई बसतील असं सगळ्यांना वाटलं. त्या बसल्या नाहीत. पुढच्या दाराच्या रेघांमधून बाहेर पडल्या, रस्त्याच्या कडेला गेल्या आणि तिथंच वॉकरवर दोन्ही हात ठेवून येणारी-जाणारी माणसं बघत उभ्या राहिल्या. मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

एवढं झाल्यावर तरी माणसाने गप्प बसावं! पण साहेब पँटवरची फक्की झटकत म्हणाले, "ते सगळं ठीक आहे हो दाजी. पण इतकी माणसं आली, इतकं डोकं चालवलं. त्यांच्या दोन-चार सूचना तरी घ्याल की नाही?"

मास्तरांनी सवयीने ओठात धरलेल्या टाचण्या एकेक करून काढल्या, सदऱ्याच्या कॉलरला टोचून ठेवल्या, आणि म्हणाले:

"कुठं टोचतंय, कुठं आवळतंय, ते मी तिला विचारीन. तुम्हाला कुठं टोचतंय ते मला सांगू नका साहेब, तुमचं माप मी घेतलेलंच नाही."