तेवीस गडी आणि एक मिशी

शिमग्याला गडी मोजू नयेत, एवढं जरी मला कोणी आधी सांगितलं असतं, तरी पुढची सगळी शोभा टळली असती.

मी तेव्हा पोलादपूरच्या शाळेत दुय्यम मास्तर होतो आणि गावच्या फुटबॉल क्लबाचा कप्तान. कप्तान म्हणजे काय, तर बॉल माझ्या घरी असायचा. शिमग्याला मुंबईचे गिरणीवाले गावी आले की पालखी नाचवायचे आणि संध्याकाळी कापणी झालेल्या शेतात आमच्याबरोबर खेळायचे. मी वहीत यादी केली. तेवीस! एकेका जागेला दोन-दोन गडी, एकाला ठेच लागली तर दुसरा तयार. मी असा काही फुगलो म्हणता! त्याच भरात महाडच्या बाजारात तिथल्या क्लबाच्या कप्तानाला गाठून पाडव्याच्या दुसऱ्या दिवशीचा सामना ठरवून टाकला.

तो हसला. म्हणाला, "तोवर तुमच्याकडे अकरा तरी उरतील का?"

"अकरा उभे केले नाहीत तर ही मिशी उतरवीन!" मी भर बाजारात ओरडलो.

रंगपंचमी झाली आणि सोळा गिरणीवाले दासगावच्या बंदरातून बोटीने मुंबईला चालते झाले. नावांवर रेघा मारता मारता पेन्सिलीचं टोक मोडलं. उरले सात. त्यातला एक मी, आणि मी कसा खेळतो ते मला पक्कं ठाऊक होतं.

बाबांना कळलं तेव्हा ते जेवत होते. हातातला घास त्यांनी ताटात ठेवला.

"गाढवा, मिशी पोरगा कधी उतरवतो रे? बाप मेल्यावर! उद्या लोक मलाच विचारतील, तुमची माती कधी झाली? मी काय सांगू त्यांना?"

बाजारात ओरडताना हे डोक्यातच आलं नव्हतं. मास्तर म्हणे मी! आई तर तिथेच रडायला लागली.

मग गडी शोधायला शेजारच्या कापडे गावी गेलो. तिथले दोघे भाऊ भाताच्या रोपांसाठी शेतात राब भाजत होते. थोरला म्हणाला, "हा राब कोण भाजील? तुझा बॉल?" पण त्यांना महाडच्या बाजारातून सुकट आणायचीच होती, म्हणून तयार झाले. नऊ झाले. दहावे आमचे गाडीवान चाचा. महाडला बैल सोडल्यावर त्यांना तसंही काही काम नव्हतं. अकरावा काही मिळेना. सामन्याच्या पहाटे बाबा छत्री घेऊन गाडीत येऊन बसले.

मैदानावर महाडकरांनी न्हावी आणून बसवला होता. खरंच! मला बघून तो वस्तऱ्याला धार लावायला लागला. त्यांच्या कप्तानाने मोठ्याने आमचे गडी मोजले. "दहा!"

बाबांनी धोतर खोचलं, वहाणा काढल्या.

"अकरावा मी."

"काका, या वयात कशाला?" महाडचा कप्तान म्हणाला.

"मिशी त्याची, पण मरण माझं हाय," बाबा म्हणाले आणि छत्री उघडून गोलात जाऊन उभे राहिले.

छत्रीवरून पंचांशी बराच वाद झाला, पण बाबांनी ती मिटली नाही. आम्ही बारा गोल खाल्ले. तेरावा छत्रीवर आपटला, तिची एक काडी मोडली, आणि महाडकरसुद्धा टाळ्या पिटायला लागले. न्हावी धोकटी गुंडाळून घरी गेला. परतताना बाबा एवढंच म्हणाले, "यादी करायची तर शिमगा सरल्यावर करावी."

पुढे बऱ्याच वर्षांनी बाबा गेले. दहाव्याला सावित्रीच्या काठी मी न्हाव्यापुढे बसलो. तोच महाडचा न्हावी, आता म्हातारा झालेला. त्याने वस्तरा उचलला, आणि मी मागे वळून पाहिलं, धोतर खोचून कोणी येतंय का.