सातव्या गड्ड्याची माया

चंद्रपुरात जटपुरा गेटच्या आत हाजराबाईंचं शिलाईचं दुकान होतं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली, एक पायमशीन आणि भिंतीला टेकलेली कापडाची गाठोडी. नवरा लियाकत होता तोवर त्या मशीनवर जंगलखात्यातल्या लोकांच्या खाकी वर्द्या शिवल्या जात. तो गेला आणि हाजराबाईंनी ब्लाऊज-सलवारी शिवायला घेतल्या. बायका त्यांच्याकडेच येत, कारण त्या शिवणीत माया सढळ हाताने सोडत. माया म्हणजे आत दुमडून ठेवलेलं जादा कापड. अंग भरलं की शिवण उसवायची आणि तेवढं मोकळं करायचं. बाकीचे शिंपी एक बोट सोडत, ह्या दोन सोडत. माणूस आज आहे तसाच उद्या राहत नाही, हे त्यांचं सांगणं असे.

अशा बाईने वयाच्या एकावन्नाव्या वर्षी गोल्फ खेळायला घेतलं, तेव्हा मोहल्ल्याला हसावं की काळजी करावी ते कळेना. कारण होता मुबीन, त्यांचा एकुलता मुलगा. पंप दुरुस्त करता करता तो दुबईला गेला आणि तिथे गोल्फच्या मैदानाला पाणी देणाऱ्या पंपांवर लागला. वाळवंटात रात्रंदिवस गवताला पाणी पाजतात, हे ऐकून हाजराबाई आधी रागावल्या. इकडे मे महिन्यात नळाचा घसा कोरडा पडलेला, आणि तिकडे गवताचे हे लाड! पण पोराचं पोट त्या गवतावरच चालत होतं, म्हणून त्यांनी गवताला माफ केलं.

फोनचा काही भरवसा नव्हता. आवाज येतो का, आवाज येतो का, ह्यातच अर्धा वेळ जाई. मग २००६ साली मुबीनला तिथल्या कामगारांच्या कॅम्पातल्या कॉम्प्युटरवर गोल्फचा एक ऑनलाइन खेळ सापडला. इकडे मोहल्ल्यातल्या देवानंदने आपलं एसटीडी बूथ मोडून तिथे इंटरनेटची चार खोकी मांडली होती. दर जुम्म्याला दुपारी चार वाजता इकडे हाजराबाई बसत आणि तिकडे मुबीन. आळीपाळीने चेंडू मारायचा, खाली छोट्या चौकटीत दोन शब्द लिहायचे. हाजराबाई एका बोटाने अक्षरं शोधत, म्हणून लिहिणं कमीच होई. पण पडद्यावर मुबीनचा चेंडू हलला की आत्ता, ह्या घटकेला त्याचं बोट हललं, एवढं त्यांना कळे. पोराला तीन वर्षं डोळ्यांनी पाहिलं नव्हतं, आणि तेवढ्या एका हलण्यावर त्या आठवडा काढत.

त्या दर वेळी एकच विचारत, कधी येतोस. एका जुम्म्याला त्याने लिहिलं, "अम्मी, सातवा गड्डा बिना भिगोए पार कर. उसी दिन छुट्टी माँगता."

गड्डा म्हणजे चेंडू घालायचं झेंडा रोवलेलं भोक, आणि त्यात सातवा म्हणजे नुसती आफत होती. समोर मोठं तळं, तळ्यापलीकडे झेंडा, आणि वारा असा आडवा की सरळ मारलेला चेंडू हटकून पाण्यात जाई. चेंडू किती जोरात मारायचा ते पडद्यावरच्या एका पट्टीवर ठरे. पट्टी भरत जाई आणि नेमक्या जागी बटण दाबावं लागे. पाच आठवडे हाजराबाईंनी पाच-पाच चेंडू बुडवले. देवानंद चिडवायचा, म्हणायचा, बाई, तळ्यात मासे राहिले नसतील, चेंडूच असतील. त्या हसत नसत. बाकीच्यांना तो खेळ होता, त्यांना ती घरी येणारी वाट होती.

उपाय सापडला तो मशीनवर. एका पोरीच्या कुर्त्याच्या गळ्याला पट्टी लावताना त्या थबकल्या. गोल गळ्याला सरळ कापलेली पट्टी लावली की फुगते, तिरपी कापावी लागते. मग तळ्याच्या गोल काठाला आपण सरळ का भिडतो? बुधवारी त्या एकट्याच देवानंदकडे जाऊन बसल्या. झेंड्याकडे बघायचंच नाही, असं त्यांनी ठरवलं. पहिला चेंडू तिरपा, डाव्या काठाला. पण काठाशी नेऊन टेकवला तर तो घरंगळून पाण्यात जातो, म्हणून पडद्यावर बोटं ठेवून त्यांनी पाण्यापासून दोन बोटं माया सोडली. दुसराही तसाच, काठाकाठाने. तिथे तळं अरुंद होत होतं आणि वारा पाठीशी येत होता. तिसऱ्या चेंडूला पाय टेबलाखाली मशीन चालवल्यासारखा हलू लागला. चौथ्या ठेक्याला पट्टी हवी तेवढी भरते, हे त्यांनी पायाने मोजून ठेवलं होतं. चेंडू पलीकडे कोरडा पडला. पुन्हा खेळून पाहिलं, पुन्हा कोरडा.

देवानंद उठून उभाच राहिला. हाजराबाईंनी घरी जाताना पांढरं कापड घेतलं आणि मुबीनचा कुर्ता बेतायला काढला.

गुरुवारी बल्लारपूरचा अकरम आला. तो मुबीनच्याच खोलीत राहायचा, दोन वर्षं भरली म्हणून सुट्टीवर आला होता. मुबीनने खजूर पाठवले होते. हाजराबाईंनी त्याला चहा दिला आणि उद्या गड्डा पार होणार, मग मुबीन सुट्टी मागणार, हे एका दमात सांगितलं. अकरमने कप खाली ठेवला. थोडे आढेवेढे घेऊन त्याने सांगून टाकलं. मुबीनने कंपनी बदलली होती, त्यामुळे सुट्टीसाठी लागणाऱ्या दोन वर्षांची मोजणी पहिल्यापासून सुरू झाली होती. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात. मागूनही सुट्टी मिळणार नव्हती. आईला नाही म्हणवत नव्हतं, म्हणून त्याने सर्वांत अवघड गड्डा सांगून ठेवला होता. अम्मीला तो जमत नाही तोवर बरं आहे, असं तो खोलीत म्हणायचा, आणि म्हणताना भिंतीकडे तोंड करायचा.

हाजराबाई रडल्या नाहीत. पण खजुराची पुडी सोडताना गाठ सुटेना. मग त्यांनी विचारलं, आता अंगाने कसा आहे, तुझ्याएवढा का? अकरम म्हणाला, खांद्यात माझ्याएवढा, पण पोट नाही. त्यांनी त्याला उभं केलं आणि टेपने त्याचेच खांदे मोजून घेतले.

जुम्म्याला चार वाजता त्या खोक्यासमोर बसल्या. सातवा गड्डा आला. पहिला चेंडू तिरपा, डाव्या काठाला, दोन बोटं माया सोडून. दुसराही तसाच. एरवी मुबीन लगेच काहीतरी लिहायचा. आज खालची चौकट रिकामी राहिली. तो आता पडद्याला डोळे लावून बसला असेल आणि आईला काय सांगायचं ते मनात जुळवत असेल, हे हाजराबाईंना इथे बसून दिसत होतं.

टेबलाखाली त्यांचा पाय हलू लागला. चौथ्या ठेक्यापर्यंत त्या थांबल्या नाहीत. तिसऱ्यालाच बटण दाबलं. चेंडू पलीकडच्या काठाच्या अलीकडे, अगदी हातभर अंतरावर पाण्यात पडला.

लगेच अक्षरं उमटली, "थोडा ही रह गया, अम्मी."

हाजराबाईंनी एका बोटाने अक्षरं शोधून लिहिलं, "अगले जुमे."

मागे उभ्या देवानंदला राहवेना. "बाई, बुधवारी तं बराबर जमलं होतं. आज काऊन घाई केली?"

"पार झाला असता तं पोराले खोटं बोला लागलं असतं, भाऊ," त्या म्हणाल्या. "तिकडं एकटा हाय तो. अजून एक ओझं कायले देऊ?"

त्या दिवसापासून देवानंदने चेंडू बुडण्यावरून कधी चिडवलं नाही.

घरी येऊन हाजराबाई कुर्ता शिवायला बसल्या. मुबीन येईल तेव्हा वाळलेला असेल की भरलेला, काही सांगता येत नव्हतं. त्यांनी दोन्ही बाजूंच्या शिवणींत ह्या वेळी चार-चार बोटं माया सोडली.