परस्पर दिलेली माफी

अठरा नोव्हेंबर. व्यसनमुक्ती केंद्रात एकतीस माणसे दाखल, एकतीसही जिवंत.

रोजच्या अहवालाची सुरुवात अशी होई आणि ती लिहिण्याचे काम समुपदेशकाकडे होते. केंद्र शासकीय होते. त्याचे दार कोणालाही उघडे होते आणि खिडक्या कोणालाही उघडता येत नव्हत्या. समुपदेशक पन्नाशीचा, अंगाने भरलेला, जाड मिशीचा गृहस्थ होता. गेली अकरा वर्षे तो तिथे इतरांच्या बायका, आया, बाप आणि थोरले भाऊ होता.

हे विधान विचित्र वाटले तरी ते नियमातून आले आहे. उपचार पूर्ण करून घरी जाण्यापूर्वी प्रत्येक रुग्णाने, आपण ज्याचे सर्वाधिक नुकसान केले त्या नातेवाइकाची समोरासमोर माफी मागावी, असा नियम होता. नियमामागचा विचार चांगला होता. अडचण एवढीच की नातेवाईक येत नसत. बैठका कामाच्या दिवशी भर दुपारी ठेवलेल्या होत्या, आणि ज्या घरातला कमावता माणूस पिण्यात गेलेला असतो त्या घरातली उरलेली माणसे भर दुपारी कामावर असतात. तेव्हा वरिष्ठ कार्यालयाने नियमाला एक पुरवणी जोडली: नातेवाईक अनुपस्थित असल्यास समुपदेशकाने त्याचे प्रतिनिधित्व करावे. पुरवणी तात्पुरती होती. तात्पुरत्या गोष्टींना शासनात जे दीर्घायुष्य लाभते ते तिलाही लाभले.

समुपदेशकाने हे काम चेष्टेवारी नेले नाही. बैठकीच्या आदल्या दिवशी तो रुग्णाला बसवून घेई आणि विचारी: ती चिडली की बोलते की गप्प होते? बोलताना कुठे बघते? हात रिकामे असतात की हातात काही असते? कोणाची बायको भिंतीकडे तोंड करून बोले. कोणाची आई आधी जेवलास का विचारी आणि उत्तर मिळाले की मग शिव्या घाली. कोणाचा भाऊ प्रत्येक वाक्याआधी घसा साफ करी. समुपदेशक हे सगळे शिकून घेई. वेश तो बदलत नसे, आवाजही फारसा बदलत नसे. फक्त खुर्ची बदलत असे. निळ्या खुर्चीत तो समुपदेशक असे आणि करड्या खुर्चीत नातेवाईक. रुग्णांना ही व्यवस्था इतकी अंगवळणी पडली होती की खोलीबाहेरच्या बाकावर तिची चर्चा हवापाण्यासारखी चाले.

“आज सर कोण आहेत?”

“मघाशी माझा बाप होते. आता याची सासू.”

“सासू कशी आहे?”

“बापापेक्षा बरी. बापानं मला बसूसुद्धा दिलं नाही.”

“मग माझा नंबर उद्या ठेवा म्हणावं. सासू होऊन उठलेल्या माणसात मला बायको नको.”

केंद्राबाहेर ही भूमिका संपावी अशी अपेक्षा होती, पण अपेक्षा कोणी लेखी कळवलेली नव्हती. एकदा बाजारात एक तरुण समुपदेशकासमोर उभा राहिला, त्याने हातातली पिशवी घेऊन रस्त्याच्या पलीकडे पोचवली आणि तो म्हणाला, “आई, एवढं ओझं उचलू नकोस गं.” मग तो निघून गेला. समुपदेशकाची बायको शेजारीच उभी होती. ती शाळेत भूगोल शिकवी आणि सहसा कशाने गोंधळत नसे.

“हा कधीचा?”

“गेल्या वर्षीचा.”

“मुलगा चांगला निघाला तुमचा,” ती टोमॅटो निवडत म्हणाली. “घरी येता तेव्हा कोण होऊन येता ते तेवढं दारातच सांगत जा. म्हणजे मला त्या हिशेबानं बोलता येईल.”

केंद्राच्या अधीक्षिकेला या कामाचा अभिमान होता. पाहणीला येणाऱ्या पाहुण्यांना त्या सांगत की इथे माफीचे प्रमाण शंभर टक्के आहे. आकडा खरा होता. समुपदेशक सहजी विरघळत नसे; काही बायकांच्या वतीने तो चहा येईपर्यंत ताठ राही. पण शेवटी तो माफ करीच. तो मुळात दयाळू होता, आणि माफी न मिळालेल्या रुग्णाला घरी सोडता येत नव्हते, आणि दारात पुढचा रुग्ण खाटेची वाट पाहत असे. या तीन कारणांपैकी कोणते किती, हे त्याने स्वतःला कधी विचारले नाही. व्यवस्था ज्या प्रश्नावर चालते तो प्रश्न ती सहसा कोणाच्या वाट्याला येऊ देत नाही.

त्या नोव्हेंबरात ज्याची बैठक झाली तो उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करणारा होता. सगळे त्याला लिफ्टवाला म्हणत. त्याची बायको एका दवाखान्याच्या धुलाई विभागात काम करी. त्याच्या हातून घडलेल्या गोष्टी पुष्कळ होत्या, पण त्याने माफीसाठी एक निवडली. मुलीला ताप चढला होता. बायकोने त्याला सकाळी औषधाला पाठवले. तो दुसऱ्या दिवशी दुपारी आला, औषधाशिवाय. मधल्या वेळात बायकोने मुलीला खांद्यावर टाकून सात मजले उतरवले, कारण इमारतीची लिफ्ट बंद होती आणि ती दुरुस्त करून देतो असे त्यानेच महिनाभर कबूल केले होते. मुलगी वाचली.

समुपदेशक करड्या खुर्चीत बसला तो केंद्राची एक चादर घेऊन, कारण लिफ्टवाल्याने सांगितले होते की ती चिडली की घरातल्या घड्या मोडते आणि पुन्हा घालते. बराच वेळ त्याने नुसती घडी घातली. मग खाली बघत म्हणाला, “जिन्यावर तुमच्या नावानं हाका मारत होते मी. तुम्हालाच काही झालं की काय, म्हणून जीव टांगणीला लागला होता.”

लिफ्टवाला फुटला. त्याने जे सांगायचे ते सगळे सांगितले, न पुसता, न थांबता. समुपदेशकाने चादरीची चौथी घडी घातली, मांडीवर थोपटली आणि म्हणाला, “झालं ते झालं. घरी या.” त्याचेही डोळे ओले झाले होते, ते नेहमी होत.

लिफ्टवाला हलका होऊन घरी गेला. तो पीत नव्हता. सकाळी पाणी भरे, मुलीला शाळेत सोडी, इमारतीची लिफ्टही त्याने पहिल्याच आठवड्यात चालू केली. बायको त्याच्याकडे बघत राहिली. ती कशाची तरी वाट बघत होती आणि तो कशाचीच बघत नव्हता. शेवटी तिनेच विचारले.

“तुम्हाला मला काही सांगायचंय का?”

“सांगितलं की.”

“कधी?”

“सुटायच्या आधी. रडलीस पण तू.”

“मी?”

“म्हणजे सर.”

“मग मी काय म्हणाले?”

“झालं ते झालं, म्हणालीस. घरी या, म्हणालीस.”

त्या दिवसापासून तिने आतल्या खोलीला कडी लावायला सुरुवात केली. तिने सांगितले की महिनाअखेरपर्यंत तोंडावर माफी मागितली नाही, तर त्याने थोरल्या भावाकडे राहायला जायचे. थोरल्या भावाच्या घरी बाटली कपाटात नसे, टेबलावर असे. तिथे गेल्यावर आपले काय होणार हे लिफ्टवाल्याला माहीत होते, तिलाही माहीत होते. तरी त्याला ते जमेना. तो प्रामाणिकपणे म्हणे, “एकदा आतून निघालं ते निघालं. आता म्हणालो तर पाठ केलेलं म्हटल्यासारखं होईल.”

तेव्हा ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून केंद्रात आली. अधीक्षिकेने तिला बसायला सांगितले आणि समुपदेशकाला बोलावून घेतले.

“माझ्या नवऱ्यानं इथं माफी मागितली म्हणे. कोणाची?” तिने विचारले.

“तुमची,” अधीक्षिका म्हणाल्या.

“काय म्हणून मागितली?”

“ते सांगता येत नाही. बैठकीतलं बोलणं गोपनीय असतं.”

“माझ्यापासून?”

“त्रयस्थ व्यक्तीपासून.”

“त्रयस्थ मी?”

“त्या बैठकीपुरत्या, हो.” अधीक्षिका कठोर नव्हत्या, त्यांनी लगेच मार्गही सुचवला. “तुमचे यजमान तयार नसतील तर समुपदेशक त्यांच्या जागी बसून तुमची माफी मागू शकतील. तेही तुमचे नातेवाईकच, पुरवणीत ते बसतं.”

“म्हणजे यांनीच मागायची आणि यांनीच द्यायची,” ती समुपदेशकाकडे बघून म्हणाली. “मग आम्ही दोघं मध्ये कशाला येतो? तुमचं तुम्ही मिटवा.”

एखाद्या बायकोचे बोलणे समुपदेशकाला आधी ठाऊक नव्हते, असे त्या इमारतीत पहिल्यांदाच घडत होते. त्याने दोघांना गुरुवारी एकत्र बोलावले.

गुरुवारी ती आधी पोचली आणि कोणी न सांगता करड्या खुर्चीत बसली. समुपदेशक निळ्या खुर्चीत होता. लिफ्टवाला आत आला आणि तिथेच अडखळला.

“सर, तुमची खुर्ची…”

“माझीच आहे ना ही?” बायको म्हणाली.

तो स्टुलावर बसला. बऱ्याच वेळाने त्याने सुरुवात केली. “त्या दिवशी तू एकटी…” पण तो समुपदेशकाकडे बघत होता.

“तिकडे बघून बोला,” समुपदेशक म्हणाला.

त्याने मान वळवली, तोंड उघडले, मिटले आणि मान पुन्हा जागेवर आणली. “जमत नाही, सर. तुमचा चेहरा हिच्यासारखा जास्त होता.”

कोणी हसले नाही. बायकोने समुपदेशकालाच विचारले, “मी काय म्हणाले होते?”

समुपदेशकाने दाराकडे पाहिले. दार बंद होते. अकरा वर्षांत त्याने मोडलेला हा पहिला नियम. “जिन्यावर तुम्ही यांच्या नावानं हाका मारत होता. यांना काही झालं असेल म्हणून तुमचा जीव टांगणीला लागला होता. असं तुम्ही म्हणालात.”

“हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

“यांनी.”

“आणि यांना? हे तिथं नव्हतेच.”

समुपदेशकाच्या हातात चादर नव्हती. त्याने तळहात गुडघ्यांवर ठेवले. आपल्या आयुष्याची अकरा वर्षे ज्यावर उभी होती ती गोष्ट त्याला त्या क्षणी दिसली, आणि ती इतकी उघड होती की आजवर न दिसल्याचेच आश्चर्य वाटावे. त्याने ज्या ज्या बायका वठवल्या त्या नवऱ्यांनी सांगितलेल्या होत्या. ज्या आया वठवल्या त्या मुलांना हव्या होत्या तशा होत्या. त्या खोलीत येऊन ज्याने माफी मागितली त्याने ती स्वतःच्याच आठवणीकडे मागितली होती, आणि आठवणीने ती दिली होती.

“मी हाका मारल्या नाहीत,” बायको नवऱ्याकडे वळून म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “पोरगी खांद्यावर तापलेली. प्रत्येक मजल्यावर मी एकच म्हणत होते, हा माणूस आता परत येऊ नये. औषध घेऊन आला तरी येऊ नये. दुसऱ्या दिवशी तुम्ही दारात दिसलात आणि मला वाईट वाटलं. आलात, याचं. हे तुम्हाला माहीत नव्हतं. आता झालंय. आता यावर काय म्हणायचं ते म्हणा.”

लिफ्टवाला समुपदेशकाकडे वळला. “पण तुम्ही तर माफ केलं होतं.”

“ते माझं नव्हतं द्यायला.”

“दिलेलं परत घेता?”

“घेतो.”

“मग मला घरी सोडलं ते कशाच्या जोरावर?”

बायको उठली. दाराशी थांबून तिने नवऱ्याला सांगितले, “थोरल्यांकडे जायचं राहू दे. तिथं गेलात तर मागायला उरणारच नाही कोणी. कडी लागेल, ती लागत राहील. तुम्हाला जमेल तेव्हा म्हणा, माझ्याकडे बघून. आणि मी ‘झालं ते झालं’ म्हणेन असं धरून चालू नका.” त्यावर नवऱ्याने मान हलवली, आणि तेवढी मात्र तिच्याकडे बघून हलवली.

समुपदेशकाने त्याच संध्याकाळी अधीक्षिकेला कळवले की आपण एक माफी परत घेतली आहे. अधीक्षिकेने नियम पाहिले. माफी परत घेण्याची तरतूद नव्हती. ती परत घेतली असे मानले तर रुग्णाची सुटका रद्द होई, सुटका रद्द झाली तर त्याला पुन्हा दाखल करावे लागे, आणि त्याच्या खाटेवर आता एक बसवाहक झोपत होता. “म्हणून ती दिलेलीच आहे,” त्या म्हणाल्या, “तुम्ही घेतलीत तरी.”

पुढे समुपदेशक करड्या खुर्चीत बसला नाही. बैठका त्याने स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी, रविवारी सकाळी ठेवल्या. काही नातेवाईक येऊ लागले. त्यांतले पुष्कळसे माफ न करताच परत जातात. रुग्णांना तरीही घरी सोडावे असे समुपदेशकाने वरिष्ठ कार्यालयाला लिहिले आहे, आणि उत्तर येईपर्यंत तो त्यांना सोडतोच. केंद्राचे माफीचे प्रमाण घसरले. त्याबद्दल त्याला लेखी समज मिळाली.

लिफ्टवाला पीत नाही. त्याने बायकोची माफी अजून मागितलेली नाही. अकरा वर्षांत समुपदेशकाने परस्पर दिलेल्या माफ्या कागदावर पूर्ण आहेत. त्या ज्यांच्या नावे दिल्या गेल्या, त्या बायकांपैकी, आयांपैकी आणि भावांपैकी इतर कोणालाही अजून विचारलेले नाही.