मुकुटवाल्या माशाचे नातेवाईक

नेदरलँड्समधल्या गौडा गावचा पोस्टमन वूटर स्लिंगरलँड याला गावातल्या प्रत्येक घराचा नंबर पाठ होता. फक्त उठून जावं असं घर एकही नव्हतं. बायको जाऊन अकरा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. निवृत्त झाल्यावर त्याने मेलेल्या नातेवाइकांचे पत्ते शोधायला घेतले. जिवंत कुणी नव्हतंच.

त्याचे पूर्वज तंबाखू ओढायचे मातीचे पाईप बनवत. त्यांच्या कारागीर संघाच्या जुन्या वह्यांत प्रत्येकाचा शिक्का नोंदलेला असे. स्लिंगरलँडांचा शिक्का होता मुकुट घातलेला मासा. तोच मासा त्याआधी बोमान घराण्याच्या नावावर सापडला. शिक्का मुलाकडे नाहीतर जावयाकडेच जाणार, असं वूटरने धरलं, आणि कालव्यापलीकडच्या निवृत्त शिक्षिका रीया बोमान त्याच्या लांबच्या बहीण झाल्या. त्यांनी रविवारी ऐंशीव्या वाढदिवसाला बोलावलंसुद्धा. तिकडे वाढदिवसाला खुर्च्या गोल मांडतात आणि पाहुणे एकमेकांचंही अभिनंदन करतात: काकूंबद्दल अभिनंदन, बहिणीबद्दल अभिनंदन. वूटरचं असं कुणाबद्दल अभिनंदन होऊनही, बायको जाऊन झाली तितकीच वर्षं झाली होती. त्याने कोट धुवायला टाकला.

शुक्रवारी दप्तरखान्यात त्याने आणखी एक वही उघडली. पत्ता दोनदा वाचायची जुनी खोड. नोंद होती: विधवा बोमान हिने मासा आरी स्लिंगरलँडला सहा वर्षांसाठी भाड्याने दिला. लग्न नाही, जावई नाही. नुसता भाडेकरार.

वही मिटून गप्प बसता आलं असतं. पण चुकीच्या दारात टपाल टाकून हा माणूस आयुष्यात कधी घरी गेला नव्हता. त्याने फोन केला.

"बाई, आपलं नातं लागत नाही." आणि सगळं सांगितलं.

"म्हणजे तुम्ही आमचे भाडेकरू," रीयाबाई म्हणाल्या.

"पावणेतीनशे वर्षांपूर्वीचे."

"मासा परत केलात का?"

"वहीत तसं काही दिसत नाही."

"वाटलंच मला. रविवारी दोन वाजता या. भाडेकरूला दाराजवळची खुर्ची मिळेल, तक्रार चालायची नाही."

फोन ठेवून वूटरने भिंतीवरच्या वंशवृक्षातली बोमानांकडे जाणारी पेन्सिलची रेघ खोडरबराने पुसली. खाली त्याचं एकट्याचं नाव उरलं, भोवती भरपूर कोरा कागद.

रविवारी तो दीडलाच पोचला. नातेवाईक असता तर बेल वाजवली असती. तो पुलावर जाऊन दोन वाजायची वाट पाहत उभा राहिला.